एका नाण्याची मुदत

गल्ल्यावर बसणाऱ्याने खेळाकडे खेळ म्हणून पाहू नये, असा माझ्या मामांचा दंडक होता. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असताना मी पुण्यातील त्यांच्या व्हिडिओ गेम पार्लरात दुपारपासून रात्री शटर ओढेपर्यंत गल्ला सांभाळीत असे. आणि पडद्यावर कोण कोणाला खात आहे याची उठाठेव न करता, आत गेलेले नाणे यंत्राला किती वेळ अडवून धरते, एवढ्याच प्रश्नाकडे मी लक्ष द्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. जागेचे भाडे, विजेचे बिल, परवान्याचे नूतनीकरण आणि करमणूक कर हे सारे आपापल्या तारखांना बिनचूक दारात उभे राहत. उत्पन्न मात्र अनोळखी मुलांच्या मनगटांवर अवलंबून असे, आणि ज्याचे मनगट जितके तयार, तितके ते गिऱ्हाईक आमच्या दृष्टीने तोट्याचे. कौशल्याची अशी उलटी किंमत करणारा दुसरा धंदा पुढील आयुष्यात माझ्या पाहण्यात आला नाही.

या हिशेबाचा खरा धडा मला पॅक-मॅनच्या यंत्राने दिला. जपानच्या नामको कंपनीतील तोरू इवातानी या पंचविशीच्या तरुणाने रचलेला हा खेळ १९८० साली बाजारात आला. परग्रहावरून आलेल्या शत्रूंवर गोळ्या झाडण्याच्या तत्कालीन खेळांमुळे पार्लरे म्हणजे केवळ पुरुषांचे अड्डे झाले होते, तेथे स्त्रियांना आणि जोडप्यांनाही पाऊल टाकावेसे वाटावे, म्हणून त्याने मारण्याचा विषय टाकून खाण्याचा विषय घेतला, हे मी फार उशिरा वाचले. आमच्या पार्लरात काही त्यामुळे स्त्रियांची वर्दळ वाढली नाही. आमच्याकडे काही वर्षांनी पोहोचलेले ते यंत्र धड जपानचेही नव्हते आणि अमेरिकेचेही नव्हते. प्लायवूडचा खोका इथल्याच सुताराचा, आतला बोर्ड मुंबईहून कोणाकडून तरी आलेला, आणि तो अस्सल की नक्कल याची चौकशी करण्याचा रिवाज त्या धंद्यात नव्हता. पडद्याची नळी उभी बसवलेली होती. तोच तो निळा चक्रव्यूह दिवसचे दिवस तिच्यावर उमटत राहिल्याने नळीच्या आतील लेप जागोजाग असा जळून गेला होता की, रात्री वीज तोडल्यावरही काळ्या काचेत त्याच्या भिंती रेघेरेघेने ओळखू येत. पुढे मामांनी त्याच नळीवर विमानांचा दुसरा एक खेळ चढवला, तेव्हा ती विमाने बरेच महिने पॅक-मॅनच्या गल्ल्याबोळांवरूनच उडत होती.

खोक्याचे मागचे दार उघडले की बोर्डाच्या एका बाजूला बारीक कळांची पट्टी दिसे. यंत्राची सारी मुखत्यारी त्या पट्टीत होती. एका नाण्याला एक डाव द्यायचा की दोन नाण्यांना एक. खेळाडूला लाइफ एक द्यायची, दोन, तीन की पाच. बक्षिसाची जादा लाइफ दहा हजार गुणांवर, पंधरा हजारांवर, वीस हजारांवर, की मुळीच नाही: या सर्व बाबींचा निकाल मामा बॉलपेनच्या टोकाने लावीत. महाविद्यालयांना सुट्ट्या लागून गर्दी उसळली की जादा लाइफ बंद होई. परीक्षांच्या दिवसांत पार्लर ओस पडले की ती पुन्हा दहा हजारांवर येई. मुलांच्या हे ध्यानात येत नसे असे नाही. "दादा, आज जादा लाइफ आली नाही ती?" असे विचारणारा एखादा निघेच, आणि "मशीनला विचार" हे मामांनी पढवलेले उत्तर मी तोंड गंभीर ठेवून देत असे. सरकारी खात्यात पुढे अनेक वर्षे काढल्यावर मला कळले की, हुकूम काढणाऱ्याने आपली सही कागदावर दिसू न देणे ही कारभाराची फार जुनी आणि फार उपयुक्त कला आहे.

नवख्या मुलाचे नाणे आमच्या येथे फार काळ टिकत नसे. चक्रव्यूहात ठिपके खात फिरणाऱ्या पॅक-मॅनच्या मागावरील चारही भुतांना तो एकाच रागाने पाहत असे. भुतांना काही काळ निळी आणि खाण्याजोगी करणारी मोठी गोळी दिसली की तिच्याकडे धाव घेई, भुते निळी होताच हर्षभराने त्यांच्या मागे लागे, आणि त्यांचा निळेपणा सरत आल्याची उघडझाप होत असता नेमका त्यांच्या तोंडी जाई. मुरलेला खेळाडू मात्र भुतांचे स्वभाव ओळखून असे. तांबडे भूत पॅक-मॅन जेथे असेल तेथेच येते. गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोर चार घरे पुढची जागा हेरून वाट अडवू पाहते. निळसर भूत तांबड्याची जागा आणि पॅक-मॅनची दिशा यांचा मेळ घालून आपले ठिकाण ठरवते, म्हणून ते सर्वांत बेभरवशाचे वाटते. आणि नारिंगी भूत दुरून चालून येते खरे, परंतु आठ घरांच्या आत आले की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळते. शिवाय ही चौकडी अखंड पाठलाग करीत नाही. पहिल्या पातळीवर प्रारंभीची सात सेकंदे ती आपापल्या कोपऱ्याकडे पांगते, मग वीस सेकंदे मागे लागते, पुन्हा पांगते. चौथ्यांदा पांगून झाल्यावर मात्र माघार नाही. घरांचा आणि सेकंदांचा हा तपशील मला पुढे वाचून कळला. पण गल्ल्यावरून पाठमोऱ्या खेळाडूंच्या खांद्यांवरून पाहता पाहता, गुलाबीवर समोरून चालून गेले की ते पुष्कळदा बाजूला वळते, इतकी त्या चौघांची ओळख, मामांचा दंडक मोडून, मला झालीच होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या यंत्रात दैवाला जागा नव्हती. निळ्या झालेल्या भुतांची सैरावैरा पळापळ देखील दर खेपेस त्याच आकड्यापासून सुरू होत असल्याने, खेळाडूने तीच वळणे त्याच क्षणी घेतली तर भुतेही काल जेथून गेली तेथूनच आज जात. अमेरिकेत या वळणांचे नकाशे छापलेली पुस्तके निघाली. ब्लॅकजॅकचा ख्यातनाम खेळाडू केन अस्टन याने लिहिलेले पुस्तक त्यांपैकीच. आमच्याकडे ते कोठून यावे? आमच्याकडे वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेली वेटोळी होती, जी कोणा मावसभावाकडून मिळाल्याचे सांगून एक मुलगा खिशात बाळगीत असे आणि अतिविश्वासातल्या मित्रालाच उघडून दाखवीत असे. त्या कागदाने मामांचे किती नुकसान केले याची नोंद रोजकीर्दीत होणे शक्य नव्हते, परंतु तो मुलगा जिना चढून येताना दिसला की मामांचा चेहरा वसुलीचा तगादा आल्यासारखा होई.

याच मुलाने आम्हाला एके दिवशी यंत्रातील आणखी एक खुबी दाखवली. पॅक-मॅन डावाच्या प्रारंभी जेथे उभा असतो त्याच्या उजवीकडे, थोडे वर, एक तिठा आहे. चक्रव्यूहातील काही ठराविक चौकांत भुतांना वर वळण्याची मुभाच दिलेली नाही; त्यामुळे त्या तिठ्यावर वर तोंड करून पॅक-मॅनला उभे केले, आणि तेथे शिरताना कोणी भूत मागावर नसले, तर ती चौघे त्याच्या आजूबाजूने फेऱ्या घालीत राहतात, त्याला गाठीत मात्र नाहीत. मुलाने पॅक-मॅन तेथे नेऊन उभा केला, दांड्याला कोणी हात लावू नये म्हणून मित्राला पहाऱ्यावर बसवले, आणि तो खाली अमृततुल्यात चहा प्यायला गेला. रांगेतील पोरे खवळली. "दादा, त्याला उठवा ना!" अशी फिर्याद माझ्यापुढे आली. मी मामांकडे पाहिले. मामांनी पडद्याकडे पाहिले, त्या शांतपणे उभ्या असलेल्या पिवळ्या गोळ्याकडे पाहिले, आणि "नाणं त्याचं आहे, खेळ चालू आहे; आपल्याला हरकत घेता येत नाही," असा निवाडा दिला. मामा कंजूष होते, पण बेकायदा नव्हते. तो मुलगा चहा पिऊन, तोंड पुशीत परत आला आणि पुढची पातळी खेळू लागला.

या खेळात जिंकणे नाही, हे मी तेव्हा पुरते उमजलो नव्हतो. २५५ पातळ्या ओलांडणाऱ्यापुढे २५६वी येते, तेव्हा पातळीचा आकडा एका बाइटाच्या मर्यादेपाशी जाऊन अडखळतो, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर अक्षरांचा आणि रंगांचा राडा पसरतो, आणि खाण्यासारखे पुरेसे ठिपकेच न उरल्याने पातळी पुरी करता येत नाही. तेथवर पोहोचायला काही तास लागतात. आमच्याकडे कोणीही तेथवर गेले नाही. वीज तरी जाई, नाहीतर मामा तरी येत.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायची कॅसेटची यंत्रे आली, पार्लरची गर्दी ओसरली, मामांनी जागा सोडली, आणि मी परीक्षा देऊन कोषागारात लिपिक म्हणून रुजू झालो. त्या नोकरीविषयी येथे सांगण्यासारखे एवढेच की, तेथेही माझा संबंध मुदतींशीच आला.

निवृत्तीनंतर मुलीच्या घरी दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर पॅक-मॅनच्या खेळांचा एक संग्रह माझ्या हाती लागला. २०२२ साली निघालेल्या या संग्रहात मूळचा खेळ आहे, आणि त्याच्या सोबतीला २००७ सालची चॅम्पियनशिप एडिशन आहे, जी इवातानी यांची नामकोतील अखेरची रचना. त्याच वर्षी कंपनी सोडून ते तोक्यो येथील विद्यापीठात अध्यापनाला गेले. मूळचा डाव मी जुन्या ओळखीने खेळून पाहिला. नवा डाव सुरू केला, तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती पडद्याच्या वरच्या बाजूला उलट्या क्रमाने धावणारे घड्याळ. पाच मिनिटे. उत्तम खेळणाऱ्यालाही पाच मिनिटे, आणि माझ्यासारख्या बोटे आखडलेल्या निवृत्त माणसालाही तीच.

मला प्रथम हसू आले, आणि मग मामांची फार आठवण झाली. त्यांनी बॉलपेनच्या टोकाने ज्या गोष्टीचा पाठपुरावा इतकी वर्षे केला, ती गोष्ट खुद्द खेळाच्या कर्त्यानेच, आपल्या कारकिर्दीच्या शेवटी, कायद्याने मंजूर करून ठेवली होती. जर हे यंत्र त्या काळी आमच्या पार्लरात असते, तर वहीतल्या वेटोळ्यांना काही अर्थ राहिला नसता, चहाला जाणाऱ्याचे परत येईपर्यंत नाणे खलास झाले असते, आणि मामांना तासाला किती डाव होतील हे आदल्या रात्रीच कीर्दीत लिहून ठेवता आले असते. परंतु हा हुकूम निघाला तो अशा वेळी, जेव्हा मागे रांगेत कोणी उभे नाही, नाणे कोणी टाकीत नाही, आणि खेळणाऱ्याला उठवण्यात कोणाचाच फायदा उरलेला नाही. मुदत आली, मात्र ज्याच्या सोयीसाठी ती यावी तो सावकार आधीच निघून गेला होता.

मग ही मुदत कशासाठी, याचा उलगडा खेळता खेळता होत गेला. नव्या खेळाचा चक्रव्यूह आडवा आणि ऐसपैस असून त्याचे डावे-उजवे असे दोन अर्धे भाग आहेत. एका भागातील ठिपके संपवले की दुसऱ्या भागात फळ उगवते. ते खाल्ले की पहिला भाग नव्या मांडणीने, नव्या ठिपक्यांसह, डोळ्यांदेखत भरून येतो. पातळी संपत नाही, मध्ये विसावा नाही, चक्रव्यूह आपल्या पायाखालीच बदलत राहतो. आणि जो जितका वेळ न मरता खातो, तितका खेळाचा वेग वाढतो व ठिपक्यांचे मोलही चढत जाते. वळण येण्यापूर्वीच दांडा वळवून धरला तर पॅक-मॅन भिंतीला घासून ठिणग्या उडवीत कोपरा कापतो. जुन्या यंत्रावर प्रत्येक गोळीला भुतांचे गुण पुन्हा पहिल्यापासून. येथे एका गोळीचा अंमल ओसरण्याच्या आत दुसरी गोळी खाल्ली, तर भुतांच्या चढत्या गुणांची साखळी तुटत नाही, आणि म्हणून निळ्या भुतांना हकनाक संपवण्याऐवजी, थोडी उसंत देऊन, ती साखळी पुढच्या गोळीपर्यंत कशी न्यावी याचा विचार करावा लागतो. लाइफ शिल्लक असेपर्यंत मेल्याने डाव संपत नाही. घड्याळ चालूच राहते. वेग उतरतो, ठिपक्यांचे मोल उतरते, आणि जी काही सेकंदे पॅक-मॅन मरण्यात आणि पुन्हा उभा राहण्यात जातात ती परत मिळत नाहीत. जुन्या खेळात मरण ही शिक्षा होती. नव्यात मरण हा खर्च आहे. कोषागारात ३१ मार्चच्या रात्री जो हिशेब चालतो, तोच येथे चालतो: तरतूद ठरलेली, मुदत ठरलेली, जे खर्ची पडले ते पडले, बाकीचे व्यपगत.

हा बदल मला मान्य आहे असे मी म्हणेन, थोड्या नाराजीने. जुन्या यंत्राने माणसाला टिकून राहायला शिकवले. तिठ्यावर उभे राहून चहा पिऊन येणाऱ्या मुलात जे काही होते, ती केवळ युक्ती नव्हती, तो एक प्रकारचा अधिकार होता, आणि मामांनीही तो मानला. नव्या यंत्रात उभे राहणे हा शुद्ध तोटा आहे. तेथे लोभालाच वाव आहे, आणि लोभ कितीही कुशल असला तरी तो पाहायला टिकून राहण्याइतका देखणा नसतो. परंतु खेळ म्हणून पाहिले, म्हणजे मामांचा दंडक साफ मोडून पाहिले, तर पाच मिनिटांच्या या तुकड्यात जितकी बुद्धी आणि जितके रक्त सळसळते, तितके जुन्या यंत्रावर पहिल्या पाच मिनिटांत कधीच सळसळत नव्हते; तेथील पहिली पाच मिनिटे जाणत्याला नुसती पाठ म्हणायची असत.

या आवृत्तीच्या पुढच्या दोन भावंडांविषयी माझे मत इतके चांगले नाही. २०१०च्या डीएक्स आवृत्तीत झोपलेली भुते पॅक-मॅन शेजारून जाताच जागी होऊन त्याच्या मागे आगगाडीच्या डब्यांसारखी लागतात, आणि ती गाडी एका गोळीने उलटी गिळून टाकणे हा प्रकार मोठा मौजेचा आहे. पण भूत अंगावर येते तोच सारा पडदा संथ होऊन खेळाडूला सुटकेची संधी देतो, आणि तरीही न सुटल्यास भुतांना कोंडवाड्यात पाठवणारा बाँब हाताशी असतो. २०१६च्या आवृत्तीत तर भुताला धडकले तरी सुरुवातीला काही बिघडत नाही. वारंवार धडकल्यावर ते रागावते. ज्या भुताला रागावण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याचा धाक किती वाटणार!

त्या संग्रहात आणखी एक मौज आहे, जिच्यामुळे माझी मुलगी बराच वेळ हसत होती. खेळणाऱ्याने पडद्यावर स्वतःचे एक चिमुकले पार्लर मांडायचे, यंत्रे हवी तेथे ठेवायची, सजावट करायची, आणि पार्लरातील मूळ यंत्रांचा खेळ खेळायचा तर आधी नाणे टाकायचे. नाणे अर्थात पडद्यावरचेच, खेळूनच मिळवलेले. मी यंत्रांची मांडणी एका दुपारी मन लावून केली. पॅक-मॅन दारापाशी, कारण रस्त्यावरून त्याचा आवाज ऐकू गेला पाहिजे. दोन यंत्रांमध्ये पाहणाऱ्यांना उभे राहता येईल इतकी जागा, कारण पाहणारा म्हणजे उद्याचे गिऱ्हाईक. भाडे नाही, वीज नाही, तपासणीला कोणी येत नाही. मागचे दार उघडून त्या बारीक कळा दाखवण्याची सोय मात्र मला तेथे सापडली नाही.

माझा नातू हा खेळ माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला खेळतो, पण तो खेळताना पाहून मला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. पहिल्या अर्ध्या मिनिटात एखादे वळण चुकले, एखादी साखळी तुटली, की तो डाव तेथेच मोडतो आणि पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करतो. असे तो अनेकदा लागोपाठ करतो, आणि पुरा झालेला डाव त्याच्या हातून क्वचितच घडतो. आमच्या पार्लरात नाणे टाकलेला डाव कोणी आपण होऊन सोडला, असे माझ्या स्मरणात नाही. शेवटच्या लाइफवर, सारे हरले आहे हे उघड दिसत असतानाही, पोरे दात-ओठ खाऊन शेवटचा ठिपका गाठू पाहत. तेथे डाव संपवण्याचा हक्क भुतांकडे होता, आणि थोडा मामांकडे. पुढे तो घड्याळाकडे गेला. आता तो या मुलाच्या अंगठ्याखाली आहे, आणि भुतांनी किंवा मामांनी कधी दाखवली नाही इतकी निष्ठुरता तो स्वतःच्या डावांना दाखवतो.

मी खेळायला बसलो की तो शेजारी येऊन बसतो, आणि माझा पॅक-मॅन पहिल्यांदा मेला की त्याला राहवत नाही.

"आजोबा, हा बिघडला. रिस्टार्ट मारा ना."

"का? घड्याळ चालू आहे की."

"पण स्कोअर होणार नाही आता. उगाच वेळ जातो."

"अजून दोन मिनिटे शिल्लक आहेत," मी म्हणतो, आणि उजव्या भागात आलेल्या फळाकडे वळतो.